बांधिलकी आणि बांधलेपण : एका बेसबॉलवेड्याचे हिवाळे

बेसबॉलचा मोसम वसंतात सुरू होतो आणि पानगळीच्या सुमारास संपतो. उरलेल्या महिन्यांत चाहत्याने काय करावे, या प्रश्नाला अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षांचे जुने उत्तर आहे : गप्पा माराव्यात. बर्फ पडू लागले की गावकरी दुकानातल्या लोखंडी शेगडीभोवती जमत आणि कोणता खेळाडू कोठे जाणार, कोणाला किती डॉलर मिळणार, कोणत्या मालकाने कोणाला गंडवले याचा काथ्याकूट करीत. या बैठकांना 'हॉट स्टोव्ह लीग' असे गमतीदार नाव पडले. शेगड्या केव्हाच गेल्या, नाव मात्र राहिले. आजही हिवाळ्यातील करारमदारांच्या चर्चेला तेच नाव आहे.

या गप्पांत एक शब्द सतत कानावर पडतो : 'आपला'. आपला पिचर, आपला कॅचर, आपला पोरगा. वास्तविक खेळाडूच्या करारावर चाहत्याची सही नसते, त्याचा पगारही चाहता ठरवत नाही. तरीही तो दुसऱ्या संघात गेला की घरातले माणूस दुरावल्यासारखे वाटते, आणि मग 'निष्ठा राहिली नाही' हा उसासा ठरलेलाच. पूर्वीचे खेळाडू आयुष्यभर एका संघाशी एकनिष्ठ असत, आताचे पैशामागे धावतात, हे वाक्य मी स्वतः अनेकदा उच्चारले आहे. शिक्षणाच्या निमित्ताने बोस्टनला राहिलो तेव्हा तेथील रेड सॉक्स या संघाचे वेड लागले, ते आजवर सुटलेले नाही. प्रस्तुत लेखात या 'आपला' शब्दाच्या पाठीशी उभ्या असलेल्या कायदेशीर कागदाचा इतिहास पाहायचा आहे. उदाहरणे बहुतेक बोस्टनची आहेत. त्यात माझा पक्षपात आहेच, पण या कथेचे बरेच धागेही त्याच शहरात सापडतात.

प्रथम, हा इतिहास वाचायला मला ज्या प्रसंगाने भाग पाडले तो सांगतो. १० फेब्रुवारी २०२० रोजी रेड सॉक्सने मुकी बेट्स हा आपला सर्वोत्तम खेळाडू लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाला दिला. २०११ साली, तो नुकताच शाळेतून बाहेर पडला असताना, बोस्टनने त्याला निवडले होते. २०१८ साली संघाने जागतिक मालिका जिंकली, त्या वर्षी अमेरिकन लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याचाच गौरव झाला. २०२०चा मोसम संपताच तो करारातून मोकळा होणार होता. संघापुढे दोन मार्ग होते : त्याला दीर्घ मुदतीचा, प्रचंड रकमेचा करार देणे, अथवा तो जाण्यापूर्वीच त्याच्या बदल्यात काही पदरात पाडून घेणे. संघाने दुसरा मार्ग धरला. डेव्हिड प्राइस या महागड्या पिचरलाही त्याच व्यवहारात पाठवून पगाराचा बोजा हलका केला. बदल्यात तीन तरुण खेळाडू आले. बातमी कळल्यावर माझ्या तोंडून निघालेला पहिला प्रश्न होता, "मग आपल्याला काय मिळाले?" बाजारात बैल विकून आलेल्या माणसाला विचारावा तसा हा प्रश्न आहे, हे त्या क्षणी लक्षात आले नाही. ते लक्षात आले पुढे, जुने करार वाचताना.

२९ सप्टेंबर १८७९ रोजी नॅशनल लीगच्या संघमालकांची बफेलो येथे बैठक झाली. प्रत्येक मालकाने आपले पाच खेळाडू 'राखून' ठेवावेत आणि त्या पाचांना इतर मालकांनी नोकरी देऊ नये, असे तेथे गुपचूप ठरले. या युक्तीचे श्रेय सामान्यतः आर्थर सोडन यांना दिले जाते, आणि सोडन हे बोस्टनच्या तत्कालीन संघाचे मालक होते. (रेड सॉक्सचा जन्म त्यानंतरचा, १९०१ सालचा.) पाच जणांत आपले नाव असणे म्हणजे पुढच्या वर्षाच्या नोकरीची हमी, असेही प्रारंभी काही खेळाडूंना वाटले. पण पाचाचा आकडा वाढत गेला, आणि १८८७पासून हे राखीव कलम करारपत्रातच समाविष्ट झाले. करार एका वर्षाचा, पण वर्ष संपले तरी खेळाडूवरचा हक्क मालकाकडेच. खेळाडूने खेळायचे तर त्याच संघासाठी, नाहीतर घरी बसायचे. मालकाला मात्र त्याला विकण्याची, बदलण्याची किंवा काढून टाकण्याची पूर्ण मुभा होती.

त्याच १८८७ साली माइक केली या लाडक्या खेळाडूला शिकागोच्या संघाने बोस्टनला दहा हजार डॉलरांना विकले. त्या काळी ही रक्कम थक्क करणारी होती. बोस्टनकरांनी केलीला डोक्यावर घेतले, इतके की 'दहा हजारी' हे त्याचे कौतुकाचे बिरुद झाले. माणसाच्या विक्रीची किंमत हे त्याचे लाडके टोपणनाव व्हावे, यात चाहत्यांच्या मनाविषयी पुष्कळ काही सांगितले गेले आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कचा खेळाडू जॉन मॉन्टगोमेरी वॉर्ड याने एका मासिकात निबंध लिहून प्रश्न विचारला की, बेसबॉल खेळाडू ही जंगम मालमत्ता आहे काय? वॉर्डने कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली होती, आणि राखीव कलमाची तुलना त्याने थेट पळालेल्या गुलामांना पकडून परत आणण्याच्या कायद्याशी केली. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम बावीस वर्षे झाली होती. वॉर्ड केवळ लिहून थांबला नाही. खेळाडूंची संघटना त्याने १८८५ सालीच उभारली होती, आणि १८९० साली तिच्या जोरावर खेळाडूंनी स्वतःची स्वतंत्र लीग काढली. तिचे एकमेव विजेतेपद बोस्टनने, केलीच्या नेतृत्वाखाली, जिंकले. एकमेव, कारण पैशाचे गणित न जमल्याने लीग एका मोसमात बुडाली. खेळाडू जुन्या मालकांकडे परतले, आणि जुने कलमही परतले.

यानंतरच्या दोन घटना एकमेकींलगत ठेवून पाहण्याजोग्या आहेत. डिसेंबर १९१९मध्ये रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजना विकले, आणि ५ जानेवारी १९२० रोजी बातमी जाहीर झाली. एक लाख डॉलर किंमत, शिवाय फेनवे पार्क हे बोस्टनचे मैदान गहाण ठेवून तीन लाखांच्या कर्जाची बोलणी. रूथने १९१९ साली २९ होमरन मारून विक्रम केला होता आणि वार्षिक दहा हजारांचा पगार दुप्पट करून मागत होता. फ्रेझी हे नाट्यनिर्माते होते. एका संगीतिकेला पैसा उभा करण्यासाठी त्यांनी रूथला विकले, ही दंतकथा बोस्टनमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. ती संगीतिका 'नो, नो, नॅनेट' ब्रॉडवेवर आली १९२५ साली, पण दंतकथेला तारखांची फिकीर नसते. १९१८ साली विजेता ठरलेला संघ पुढे २००४पर्यंत, म्हणजे ८६ वर्षे, जागतिक मालिका जिंकू शकला नाही, आणि चाहत्यांनी या अपयशाला 'बँबिनोचा शाप' असे नाव दिले. शाप म्हटले की ती दैवाची गोष्ट होते. प्रत्यक्षात ती एक विक्रीची पावती होती, आणि ज्याची विक्री झाली त्याच्या संमतीला तीत स्थान नव्हते.

दुसरी घटना १९२२ची. बेसबॉल मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेत येतो काय, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. एकमताचा निकाल लिहिला न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी. हेही बोस्टनचेच, त्याच नावाच्या प्रसिद्ध कवीचे चिरंजीव. त्यांचा युक्तिवाद असा, की सामना ही त्या त्या राज्यातील स्थानिक घटना असते. त्यासाठी खेळाडू राज्यांच्या सीमा ओलांडतात हे केवळ आनुषंगिक, म्हणून हा आंतरराज्यीय व्यापार नव्हे. १९५३ साली न्यायालयाने तीच भूमिका कायम ठेवली. थोडक्यात, राखीव कलमाला कायद्याचे छत्र मिळाले.

या छत्राखालचा काळ म्हणजेच आपण ज्याला निष्ठेचे सुवर्णयुग म्हणतो तो काळ. त्याचे बोस्टनमधील दैवत म्हणजे टेड विल्यम्स. १९३९ ते १९६०, मधली युद्धसेवेची वर्षे धरूनही एकच संघ. १९५९चा मोसम वाईट गेला तेव्हा त्याने आपला सव्वा लाखाचा पगार स्वतःहून नव्वद हजारांवर आणायला लावला, ही हकीकत शेगडीभोवती हमखास निघते. ती ऐकताना ऊर भरून येतो, माझाही येतो. पण विल्यम्सला बोस्टन सोडून दुसरीकडे खेळण्याचा अधिकार एकही दिवस नव्हता. त्याची निष्ठा खोटी होती असे मुळीच म्हणायचे नाही. ती खरी होती की नाही हे कळण्याची सोयच त्या व्यवस्थेने ठेवली नव्हती, एवढेच म्हणायचे आहे.

मराठी समीक्षेत 'बांधिलकी' या शब्दावर एकेकाळी पुष्कळ वाद झाले. लेखकाने बांधिलकी मानावी काय, ती बाहेरून लादता येते काय, असे ते प्रश्न होते. बांधिलकी आणि बांधलेपण हे दोन्ही शब्द 'बांधणे' या एकाच धातूचे. फरक इतकाच, की एकात गाठ स्वतः मारलेली असते आणि दुसऱ्यात ती दुसऱ्याने मारलेली असते. दुरून पाहणाऱ्याला दोन्ही गाठी सारख्याच दिसतात, आणि चाहता नेहमी दुरूनच पाहत असतो.

ही गाठ सोडवण्याचा प्रयत्न ज्याने स्वतःची कारकीर्द पणाला लावून केला तो कर्ट फ्लड बोस्टनचा नव्हता. तो सेंट लुईस कार्डिनल्समध्ये बारा मोसम खेळलेला कृष्णवर्णीय आउटफिल्डर. ऑक्टोबर १९६९मध्ये, त्याला न विचारता, संघाने त्याची फिलाडेल्फियाशी अदलाबदल केली. बातमी त्याला कार्यालयातून आलेल्या दूरध्वनीवरून कळली. २४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना छोटेखानी पत्र लिहिले. बारा वर्षांच्या सेवेनंतरही आपण खरेदी-विक्रीची वस्तू आहोत असे मला वाटत नाही, इतर संघांचे प्रस्ताव विचारात घेण्याचा मला अधिकार आहे, असा त्याचा आशय होता. आयुक्तांनी नकार दिला आणि फ्लड न्यायालयात गेला. वर्षाला नव्वद हजार डॉलर मिळवणाऱ्याने गुलामीची भाषा करावी याचा अनेक चाहत्यांना संताप आला. चांगला पगार मिळणारा गुलामही गुलामच असतो, असे त्याचे उत्तर होते. खटल्यात जॅकी रॉबिन्सन त्याच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू मात्र न्यायालयात फिरकला नाही.

१९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडविरुद्ध निकाल दिला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे निकालपत्र एकदा तरी वाचावे. न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी त्याचा पहिला भाग बेसबॉलच्या स्तुतिपाठालाच वाहिला आहे : १८४६चा होबोकनचा सामना, खेळावरील कवितांचे उल्लेख, आणि ऐंशीहून अधिक जुन्या खेळाडूंची नामावली. जणू शेगडीभोवती बसलेला चाहताच न्यायासनावर येऊन बसला. पुढे तेच निकालपत्र कबूल करते की, बेसबॉलला दिलेली सूट हा अपवाद आहे, विसंगती आहे, इतर खेळांना ती नाही. पण ती दुरुस्त करायची तर काँग्रेसने करावी. बहुमतातील दोन न्यायमूर्तींनी, वॉरन बर्गर आणि बायरन व्हाइट यांनी, त्या पहिल्या भागाला संमती देण्याचे टाळले. यातील व्हाइट हे तरुणपणी व्यावसायिक फुटबॉल खेळलेले होते. मैदानावर पगारासाठी खेळून आलेल्या माणसाने त्या गौरवगाथेवर सही केली नाही, हा तपशील मला त्या नामावलीपेक्षा अधिक बोलका वाटतो. प्रेम निखळ होते, आणि त्याच्या पाठोपाठ आलेला निर्णय एका माणसाला बांधून ठेवणारा होता. फ्लडने १९७०चा संपूर्ण मोसम गमावला, १९७१मध्ये वॉशिंग्टनकडून अवघे तेरा सामने खेळला, आणि त्याची कारकीर्द संपली.

गाठ सुटली ती अखेर एका वाक्याच्या वाचनाने. करारपत्रातील वादग्रस्त कलम असे म्हणत होते की, नव्या अटींवर एकमत न झाल्यास मालकाला त्याच अटींवर एक वर्षासाठी कराराचे नूतनीकरण करता येईल. मालकांचे वाचन असे : 'त्याच अटी' म्हटल्यावर त्यांत हे नूतनीकरणाचे कलमही आलेच, म्हणून नूतनीकरण झालेल्या कराराचेही पुन्हा नूतनीकरण करता येते, आणि असे तहहयात. कलमाच्या पोटात तेच कलम, त्याच्याही पोटात तेच. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांचे वाचन साधे होते : एक वर्ष म्हणजे एक वर्ष. १९७५ साली अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली हे दोन पिचर नव्या करारावर सही न करता खेळले आणि प्रकरण लवादापुढे गेले. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी मिलर यांचे वाचन ग्राह्य धरले. मालकांनी साइट्झ यांना तत्काळ पदावरून दूर केले, पण निवाडा न्यायालयातही टिकला. १९७६च्या सामूहिक करारात तडजोड झाली : सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडू मोकळा. त्या वर्षी सरासरी पगार सुमारे ५१,५०० डॉलर होता, १९८० साली तो सुमारे १,४३,७०० डॉलर झाला. खेळाडूंचे मोल चार वर्षांत पावणेतीन पटींनी वाढले, असा याचा अर्थ लावणे कठीण आहे. आधीची शंभर वर्षे त्यांना किती कमी मिळत होते, एवढेच त्यातून उघड झाले.

पुन्हा बोस्टनकडे येऊ. साइट्झ यांच्या निवाड्याच्या दोन महिने आधी, ऑक्टोबर १९७५मधील जागतिक मालिकेच्या सहाव्या सामन्यात, बाराव्या डावात कार्ल्टन फिस्कने मारलेला चेंडू डाव्या सीमेवरच्या खांबाला लागला आणि रेड सॉक्स जिंकले. दोन्ही हात हलवत, चेंडूला 'हद्दीतच राहा' असे विनवत धावणारा फिस्क हे या खेळातील सर्वांत परिचित दृश्यांपैकी एक आहे. फिस्क शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये वाढलेला, म्हणजे अगदी घरचाच. नियमानुसार १९८१साठीच्या कराराचा मसुदा संघाने त्याला २० डिसेंबर १९८०पर्यंत पाठवायचा होता. रेड सॉक्सने तो टपालात टाकला २२ डिसेंबरला. दोन दिवसांच्या त्या विलंबामुळे लवादाने फेब्रुवारीत फिस्कला मोकळा ठरवले, आणि तो शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला. बोस्टनमधला त्याचा २७ हा क्रमांक उलटा करून त्याने तेथे ७२ घेतला. १० एप्रिल १९८१ रोजी नव्या मोसमाचा पहिलाच सामना फेनवे पार्कवर होता. आठव्या डावात फिस्कने होमरन मारून तीन धावा मिळवल्या आणि शिकागोने बोस्टनला ५-३ असे हरवले. पुढे तो तेरा मोसम शिकागोकडून खेळला. २००० साली त्याला 'हॉल ऑफ फेम'चा मान मिळाला, तेव्हा तेथील फलकावरच्या त्याच्या डोक्यावर टोपी मात्र बोस्टनची होती.

आता ताळा मांडून पाहू. रूथला मालकाने विकले. फिस्कला संघाच्या कार्यालयाने दोन दिवसांनी हरवले. बेट्सला संघाने स्वतःहून दिले, आणि रूथच्या विक्रीला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. स्वतःच्या मर्जीने गेलेल्यांत ठळक नाव जॉनी डेमनचे. २००४च्या विजयातील हा लाडका आउटफिल्डर डिसेंबर २००५मध्ये बोस्टनचा चार वर्षांचा चार कोटी डॉलरांचा प्रस्ताव नाकारून पाच कोटी वीस लाखांसाठी यांकीजकडे गेला. मे २००६मध्ये तो फेनवेवर परतला तेव्हा सारे मैदान त्याच्यावर ओरडले. मीही दूरचित्रवाणीसमोर बसून ओरडलो. निष्ठेची मागणी आपण खेळाडूकडे करतो, मालकाच्या हिशेबवहीला मात्र 'संघाचे धोरण' म्हणून समजून घेतो. सोडून जाणाऱ्याला गद्दार म्हणतो, आणि ज्याला सोडून दिले जाते त्याच्याविषयी विचारतो, 'आपल्याला काय मिळाले?' दोन्ही वेळा आपण नकळत मालकाच्या खुर्चीत बसलेलो असतो. सोडन यांनी १८७९ साली बांधलेली गाठ कायद्याने १९७५ साली सोडवली. ती आपल्या मनातून सुटायला बराच अधिक वेळ लागतो आहे.

याचा अर्थ चाहत्याचे दुःख खोटे असा घेऊ नये. या व्यवहारात ज्याला कोठेच जाता येत नाही असा चाहता हा एकटाच. संघ वाईट खेळला म्हणून तो दुसऱ्या संघाशी करार करीत नाही. मालक बदलतात, खेळाडू बदलतात, तो तेथेच राहतो, आणि त्याला बांधून ठेवणारे कोणतेही कलम नाही. म्हणूनच त्याची बांधिलकी, खऱ्या अर्थाने, बांधिलकी आहे. मात्र ती त्याने स्वतः स्वीकारली आहे. तिची परतफेड म्हणून दुसऱ्याच्या बांधलेपणावर त्याला हक्क सांगता येणार नाही.

बेट्सने जुलै २०२०मध्ये डॉजर्सशी बारा वर्षांचा, साडेछत्तीस कोटी डॉलरांचा करार केला आणि त्याच वर्षी तो संघ विजेता झाला. रेड सॉक्स आपल्या गटात तळाला राहिले. २५ ऑगस्ट २०२३ रोजी बेट्स प्रथमच पाहुणा म्हणून फेनवेवर फलंदाजीला आला. प्रेक्षक उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. त्याने हेल्मेट काढून अभिवादन केले. त्या टाळ्यांत मागणी नव्हती, तक्रारही नव्हती.

मराठीत 'आपला' या शब्दाची एक गंमत आहे. 'तो आपला खेळाडू' म्हटले की तो आमचा असतो, आणि 'तो आपल्या वाटेने गेला' म्हटले की वाट त्याची स्वतःची असते. शब्द एकच, मालकी मात्र बदलते. पुढच्या हिवाळ्यात शेगडीभोवती बसताना हे दुसरे वाक्यही मनाशी म्हणून पाहावे, असे मी ठरवले आहे.